बुजवलेल्या कमानी काय सांगतात? इमारत हे साधन कसं वाचायचं

पीएचडीच्या आराखड्यात ‘साधने’ असा एक भाग असतो. तो भरताना बहुतेक जण अभिलेखागारांची नावं लिहितात. मग हस्तलिखितं, वर्तमानपत्रं, गॅझेटियर, मुलाखती येतात. ‘इमारत’ हे साधन म्हणून फार थोडे जण लिहितात, आणि लिहिलंच तर ‘प्रत्यक्ष भेट व छायाचित्रण’ एवढ्यावर आटोपतं. भेट देऊन नेमकं काय वाचायचं आणि वाचलेलं बरोबर आहे की नाही हे कसं तपासायचं, हे आराखड्यात नसतं. मग समितीतलं कुणीतरी नेमकं तेच विचारतं.

म्हणून आज एकच इमारत घेऊन बसू. इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशरमध्ये व्हॅरम पर्सी नावाचं एक ठिकाण आहे. तिथलं सेंट मार्टिन चर्च ही आपली इमारत. आज तिला छप्पर नाही, मनोरा अर्धा कोसळलेला आहे आणि आजूबाजूला गाव नाही. तरीही मध्ययुगीन ग्रामीण इतिहास शिकणाऱ्याला हे नाव टाळता येत नाही. एकाच जागी इमारत, कागद आणि हाडं अशी तिन्ही साधनं मिळतात आणि एकाचा दावा दुसऱ्याकडून तपासून घेता येतो. आपल्यापैकी बहुतेकांचा विषय इंग्लंड नाही, हे मला माहीत आहे. पद्धत मात्र तुमच्या विषयाला जशीच्या तशी लागू पडेल.

गाव ओस, चर्च उभं

आपल्याकडच्या महसुली भाषेत ‘बेचिराख गाव’ असा शब्द आहे. आज आपण बेचिराख म्हणजे उद्ध्वस्त असा अर्थ घेतो, पण शब्दाचं मूळ ‘चिराग नसलेलं’ असं आहे. जिथे दिवा लागत नाही ते गाव. जमीन असते, हद्द असते, दप्तरात नाव असतं, फक्त वस्ती नसते. व्हॅरम पर्सीला यापेक्षा नेमका शब्द मला सापडलेला नाही.

यॉर्कशर वोल्ड्स या खडूच्या दगडाच्या टेकड्यांमध्ये हे गाव होतं. घरं वरच्या सपाटीवर, चर्च खाली दरीत. आज वर फक्त गवत आहे. पण उन्हं कलली की गवताखालचे उंचवटे दिसायला लागतात. घरांच्या जागा, परसांच्या हद्दी, रस्ते सगळं ओळखू येतं.

लीड्स विद्यापीठात आर्थिक इतिहास शिकवणारे मॉरिस बेरेसफर्ड १९४८ मध्ये इथे पहिल्यांदा आले. इंग्लंडमध्ये ओस पडलेली मध्ययुगीन गावं फारशी नाहीतच, असं तोपर्यंत नावाजलेले इतिहासकारही मानत. बेरेसफर्ड यांना नकाशे, करांच्या नोंदी आणि हवाई छायाचित्रं वेगळंच सांगत होती. १९५० मध्ये त्यांनी इथे खणायला सुरुवात केली. लवकरच पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट त्यांना सामील झाले आणि मग १९९० पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं, दर उन्हाळ्यात काही आठवडे उत्खनन चालू राहिलं. १९५४ मध्ये बेरेसफर्ड यांचं इंग्लंडच्या हरवलेल्या गावांवरचं पुस्तक आलं. पुढे अशा गावांची यादी तीन हजारांच्या आसपास गेली.

चर्चची गोष्ट थोडी वेगळी. गाव संपल्यावरही ते चालूच राहिलं, १९४९ पर्यंत तिथे प्रार्थना होत होत्या. त्यानंतर ते पडीक झालं आणि १९५९ मध्ये मनोऱ्याचा काही भाग कोसळला. १९६२ ते १९७४ या काळात चर्चची आतली जमीन आणि बाहेरच्या दफनभूमीचा काही भाग खणला गेला. ही संधी दुर्मीळ होती. चालू असलेल्या चर्चची फरशी कोण उखडू देणार? देवळाच्या बाबतीत आपल्याकडेही हीच अडचण असते. इथे इमारत वापरातून गेली होती, म्हणूनच तिचा पाया पूर्ण वाचता आला.

आधी भाग ओळखा

इंग्लिश पॅरिश चर्चची मांडणी आपल्याला परकी वाटते, पण मूळ कल्पना अवघड नाही. पूर्वेच्या टोकाला वेदी असते, तो भाग म्हणजे चॅन्सेल. तिथे पाद्री विधी करतो. पश्चिमेकडे लोकांसाठी मोठं दालन असतं, त्याला नेव्ह म्हणतात. गाभारा आणि सभामंडप डोळ्यांसमोर आणा, काम भागेल. तुलना इथेच सोडून द्या मात्र, पुढे ताणली तर फसवेल.

नेव्हची जागा अपुरी पडली तर काय करायचं? बाजूची भिंत फोडून तिथे कमानींची रांग उभी करायची, वरच्या भिंतीचा भार त्या कमानींवर घ्यायचा आणि बाहेरच्या बाजूला उतरत्या छपराची पडवी काढायची. या पडवीला आइल म्हणतात. वाड्याला पडवी जोडावी तसंच हे. पडवी नको झाली तर उलटं करायचं: तिचं छप्पर आणि बाहेरची भिंत उतरवायची आणि कमानींमधल्या मोकळ्या जागा दगडांनी भरून टाकायच्या. कमानी काढता येत नाहीत, कारण वरचा भार त्यांच्यावर असतो. म्हणून त्या भिंतीतच अडकून राहतात.

व्हॅरम पर्सीच्या नेव्हच्या भिंतीत अशा बुजवलेल्या कमानी आजही दिसतात. आपला सगळा लेख या कमानींभोवती फिरणार आहे.

क्रम लावणं

इमारत वाचायचा पहिला नियम उत्खननातलाच आहे. काय आधी, काय नंतर, हे ठरवा. तारखा पुढे बघू. कमान ज्या भिंतीत फोडली ती भिंत कमानीआधीची. कमान बुजवणारे दगड कमानीनंतरचे. एका भिंतीला दुसरी नुसती टेकलेली असेल, दगड एकमेकांत गुंफलेले नसतील, तर टेकलेली भिंत नंतरची. एवढ्या तीन गोष्टींवर सुद्धा बरीच मजल मारता येते. एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये उत्खननातल्या थरांसाठी जी आकृती सुचवली, ती हॅरिस मॅट्रिक्स, आज उभ्या भिंतींसाठीही वापरतात. कागद-पेन्सिल घेऊन एखाद्या जुन्या वाड्याच्या एकाच भिंतीवर ती करून पाहा. तासाभरात तुमची ‘ही भिंत मूळची आहे’ यासारखी वाक्यं कमी होतील.

क्रम लागला की शैली मदतीला येते. इंग्लंडमध्ये अर्धवर्तुळाकार कमानी साधारण १२व्या शतकापर्यंतच्या आणि टोकदार कमानी त्यानंतरच्या, असा ढोबळ आडाखा आहे. पण इथे एक खड्डा आहे. दगड महाग असायचा, त्यामुळे पाडलेल्या भागाची खिडकी किंवा दाराची चौकट नव्या भिंतीत पुन्हा बसवत. खिडकी १३व्या शतकातली आणि ती बसवलेली भिंत १६व्या शतकातली, असं सर्रास दिसतं. शैलीवरून खिडकीची तारीख मिळते, भिंतीची मिळत नाही. आपल्याकडे देवळाचे कोरीव दगड तटबंदीत किंवा विहिरीच्या काठाला लागलेले तुम्ही पाहिले असतीलच.

फरशीखाली गेल्यावर आणखी एक प्रकारचा पुरावा येतो, तो म्हणजे लाकडी खांबांसाठी खणलेले खड्डे. लाकूड कुजून जातं, खड्ड्यात वेगळ्या रंगाची माती उरते. व्हॅरम पर्सीत दगडी चर्चच्या आधी १०व्या शतकाच्या सुमाराला एक लहान लाकडी चर्च असावं, हा अर्थ अशा खड्ड्यांवरून लावला गेला. ‘असावं’ हा शब्द नीट वाचा. खांबाचा खड्डा फक्त एवढंच सांगतो की इथे खांब होता. तो खांब इमारतीचा होता की पुढच्या दगडी बांधकामाच्या पराचीचा, हे खड्ड्यांची रांग, त्यांची खोली आणि त्यांच्यातली अंतरं यांवरून ठरवावं लागतं. पुरावा आणि अनुमान यांच्यामधली रेघ कुठे आहे, हे प्रबंधात दाखवायचं असतं ते असं.

देखणा आलेख

आता सगळा क्रम एका ओळीत मांडू. आधी बहुधा लाकडी चर्च. मग ११व्या शतकाच्या सुमाराला लहान दगडी चर्च. १२व्या शतकात ते पाडून मोठं बांधलं. त्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेला आइल जोडलं, पुढे उत्तरेलाही जोडलं. १४व्या शतकात ईशान्येला एक छोटं उपासनागृह वाढवलं. इथपर्यंत चढण. मग उतार सुरू होतो. १५वं शतक संपताना आणि १६व्या शतकात दोन्ही आइल पाडली गेली, कमानी बुजवल्या गेल्या. साधारण १७व्या शतकात चॅन्सेलही आखूड केलं. इमारत पुन्हा जवळपास सुरुवातीच्या आकारावर आली.

याच्या शेजारी इंग्लंडच्या लोकसंख्येची ढोबळ कहाणी ठेवा. १२व्या-१३व्या शतकात वाढ, १३४८-४९ ची प्लेगची साथ, मग दीड शतक मंदी. दोन्ही रेषा जुळल्यासारख्या दिसतात. म्हणून व्हॅरम पर्सीच्या चर्चची ओळख अनेकदा अशी करून दिली जाते: माणसं वाढली तेव्हा चर्च पसरलं, माणसं घटली तेव्हा आक्रसलं. भिंती म्हणजे जणू लोकसंख्येचा आलेखच.

हे वाचून बरं वाटतं ना? सेमिनारमध्ये एका स्लाइडवर मावतं. पण संशोधक म्हणून आपलं काम इथून सुरू होतं. या आलेखाला निदान चार प्रश्न विचारल्याशिवाय तो स्वीकारायचा नाही.

प्रश्न पहिला: मोठं चर्च म्हणजे जास्त माणसं का?

इंग्लंडच्या पूर्वेला सफोक परगण्यात लाँग मेलफर्ड नावाचं गाव आहे. तिथलं होली ट्रिनिटी चर्च पाहिलं तर एखाद्या कॅथीड्रलची आठवण येते. ते साधारण १४६० च्या दशकापासून १४९० च्या दशकापर्यंत नव्याने बांधलं गेलं. त्या वेळी इंग्लंडची लोकसंख्या प्लेगआधीच्या निम्म्याच्या आसपास होती! जवळच्या लॅव्हनमचं भव्य चर्चही याच सुमाराचं. माणसं कमी, चर्च मोठं. कारण तिथे लोकरीच्या कापडाच्या व्यापारातून पैसा आला होता आणि तो पैसा व्यापाऱ्यांनी आपल्या आत्म्याच्या शांतीसाठी चर्चमध्ये घातला.

म्हणजे चर्चचा आकार डोकी मोजत नाही. आइल बांधायला इतरही कारणं असायची. जादा वेदी हव्या असत, मिरवणुकीला वाट हवी असे, मृतांसाठी रोज प्रार्थना करायला पाद्री नेमले जात आणि त्यांना जागा लागे, जमीनदार कुटुंबाला आपली थडगी चर्चच्या आत हवी असत. व्हॅरम पर्सीतला ईशान्येचा भाग १४व्या शतकातला आहे. गर्दी मावत नव्हती म्हणून तो बांधला असेल, की कुणा एका कुटुंबाच्या भक्तीसाठी? नुसत्या क्षेत्रफळावरून हे कळत नाही.

प्रश्न दुसरा: खर्च कोणाचा?

हा प्रश्न मला सगळ्यात कामाचा वाटतो. १३व्या शतकापासून इंग्लंडमध्ये एक रीत पक्की झाली होती. नेव्हची डागडुजी पॅरिशमधल्या लोकांनी करायची आणि चॅन्सेलची जबाबदारी रेक्टरची, म्हणजे उत्पन्नाचा दशांश ज्याच्याकडे जातो त्याची. एकाच छपराखाली दोन मालक, दोन खिसे.

मग पुन्हा भिंती बघा. आइल हा नेव्हचा भाग. तो बांधण्याचा किंवा पाडण्याचा निर्णय बहुतेक वेळा गावकऱ्यांच्या खिशाशी निगडित. चॅन्सेल आखूड होणं ही वेगळी गोष्ट. व्हॅरम पर्सीचं उत्पन्न १४व्या शतकात हॉल्टेमप्राइस या मठाकडे गेलं. मठ १५३६ मध्ये बरखास्त झाला आणि पुढे अशी उत्पन्नं देशभर खासगी जमीनदारांच्या हाती गेली. दशांश गोळा करायला उत्साह असतो, दूरच्या चॅन्सेलचं छप्पर शाकारायला नसतो. म्हणजे नेव्हचं आक्रसणं आणि चॅन्सेलचं आक्रसणं या एकाच आलेखावरच्या दोन खुणा नाहीत. त्या दोन वेगवेगळ्या हिशेबवह्यांमधल्या नोंदी आहेत.

तुमच्या विषयात हा प्रश्न असा येईल: मंदिराचा गाभारा कुणी बांधला, मंडप कुणी, दीपमाळ कुणी, घाट कुणी? आणि दुरुस्ती कुणाच्या नावावर? एकाच इमारतीला ‘होळकरकालीन’ म्हणून मोकळं होण्याआधी खिसे मोजा.

प्रश्न तिसरा: माणसं कुठली?

आलेख म्हणतो ‘गाव घटलं म्हणून चर्च घटलं’. पण सेंट मार्टिन हे एका गावाचं चर्च नव्हतंच. या पॅरिशमध्ये पाच गावं होती: व्हॅरम पर्सी, थिक्सेंडेल, रेस्थॉर्प, बर्डेल आणि टोथॉर्प. पाचही गावांची माणसं इथे प्रार्थनेला यायची, इथेच त्यांचं दफन व्हायचं. त्यामुळे भिंतींत काही लोकसंख्या नोंदली गेली असेल तर ती पाच गावांची मिळून. त्यापैकी चार गावं कमी-अधिक ओस पडली. थिक्सेंडेल टिकलं आणि त्याला स्वतःचं चर्च मिळालं ते थेट १८७० मध्ये. व्हॅरम पर्सीत घरं उरली नाहीत तरी चर्च शतकानुशतकं चालू राहिलं, त्याचं गूढ इथे उकलतं. टेकड्या ओलांडून येणारी माणसं होती.

विश्लेषणाचं एकक चुकलं की सगळं चुकतं. ‘गाव’, ‘पॅरिश’, ‘जमीनदारी’ या तीन वेगळ्या हद्दी होत्या आणि त्या एकमेकींवर नेमक्या बसत नव्हत्या. आपल्याकडे मौजा, ग्रामपंचायत आणि देवस्थानाची पंचक्रोशी यांचंही तसंच आहे.

प्रश्न चौथा: तारीख किती पक्की?

समजा, एखादं आइल १५०० च्या आसपास पाडलं. तेव्हा स्पष्टीकरण असं देता येईल: माणसं घटली, डागडुजी परवडेना. समजा, तेच आइल १५५० च्या आसपास पाडलं. आता दुसरा उमेदवार उभा राहतो. १५४७ च्या कायद्याने मृतांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करायच्या संस्था बंद झाल्या, त्यांची मालमत्ता राजाकडे गेली आणि धर्मसुधारणेच्या त्या लाटेत बाजूच्या वेदीही गेल्या. आइलमध्ये करायचं तेच काम संपलं. म्हणजे माणसं तेवढीच असती तरी आइल निरुपयोगी झालं असतं.

पन्नास वर्षांचा फरक आणि कारण पूर्ण बदललं. बांधकामाची तारीख ‘१५व्या शतकाचा शेवट ते १६वं शतक’ एवढीच सैल असेल, तर दोन्ही स्पष्टीकरणं जिवंत ठेवावी लागतात. अशा वेळी आपल्या आवडीचं निवडायचा मोह होतो. प्रबंधात लिहायचं वाक्य असं: ‘उपलब्ध तारखांच्या मर्यादेत दोन्ही शक्यता राहतात. निवाडा करायचा तर अमुक पुरावा लागेल.’ हे वाक्य कमकुवत नाही. परीक्षकाला सगळ्यात जास्त विश्वास अशाच वाक्याने वाटतो.

कागद काय म्हणतो

भिंती सोडून आता कागदाकडे वळू. लोकप्रिय समजूत अशी की प्लेगने गावं पुसली. व्हॅरम पर्सीच्या नोंदी तसं म्हणत नाहीत. १३६८ च्या नोंदीत, म्हणजे साथीनंतर जवळपास वीस वर्षांनी, तिथे तीसच्या आसपास घरं दिसतात. १४५८ मध्ये ती सोळावर आलेली आहेत. गाव दुखावलं होतं, पण मेलेलं नव्हतं. शंभर वर्षं ते हळूहळू ओसरत होतं.

शेवटचा घाव वेगळा होता. १४८९ मध्ये राजाने वस्त्या पाडण्याविरुद्ध कायदा केला. शेतीपेक्षा मेंढ्या किफायतशीर झाल्या होत्या. मजुरी महाग, लोकरीला भाव. वीस कुटुंबं सांभाळण्यापेक्षा एक मेंढपाळ आणि कुत्रा बरा, असा जमीनदारांचा हिशेब होता. १५१७ मध्ये कार्डिनल वूल्झी यांच्या पुढाकाराने एक चौकशी झाली आणि १४८८ पासून कुणी कुठे काय पाडलं त्याची माहिती गोळा केली गेली. व्हॅरम पर्सीबद्दलची तिथली नोंद अगदी छोटी आहे. बॅरन हिल्टन या जमीनदाराने चार घरं पडू दिली आणि चार नांगर बंद केले.

चार घरं, चार नांगर. बस. नांगर म्हणजे लाकडाचं अवजार नव्हे, आपण ‘दोन औतांची जमीन’ म्हणतो त्या अर्थाने घ्या. एक नांगर बंद होणं म्हणजे बैलांची एक जोडणी, तिच्यावर चालणारी जमीन आणि त्यावर जगणारी माणसं उठणं. ती माणसं कोण होती, कुठे गेली, याचा एक शब्दही तिथे नाही. चौकशी कायदा मोडला का, एवढंच विचारत होती. जे विचारलं नाही ते कागदात उतरलं नाही. म्हणून कागद दिसला की आधी विचारा: हा कुणी, कुणासाठी, कुठल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहिला?

आता बुजवलेल्या कमानींकडे पुन्हा बघा. सोळा घरांचं गाव, त्यातली चार पडली, शेजारची गावंही घटत चाललेली. नेव्हच्या दुरुस्तीची वर्गणी मात्र उरलेल्यांवर. पडवीचं छप्पर गळतंय. नवं छप्पर घालायचं की पडवीच काढून टाकायची? माझं वाचन असं आहे की या भिंती लोकसंख्या मोजत नाहीत, त्या निर्णय नोंदवतात. आणि निर्णय माणसं घटल्याच्या वर्षी होत नाही, दुरुस्तीचं बिल समोर येतं तेव्हा होतो. म्हणून दोन रेषांमध्ये पन्नास-शंभर वर्षांची ढिलाई असणारच. आलेखावर ती लपवू नका, तिचं कारण सांगा.

हाडांची साक्ष

उत्खननात ६८७ सांगाडे मिळाले. सायमन मेज आणि इतरांनी त्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला. हाडांमधल्या नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून बाळांचं अंगावरचं दूध साधारण दीड वर्षाच्या सुमाराला सुटत असे, असं दिसतं. लहान मुलं आजच्या मुलांपेक्षा बरीच ठेंगणी होती. त्यांची वाढ १९व्या शतकातल्या कारखान्यांत राबणाऱ्या मुलांच्या जवळपास जाते. चौकशीच्या नोंदीत ज्यांना जागा नाही, ती माणसं इथे भेटतात.

पण हाडांचीही साधनचिकित्सा करावी लागते. हे सांगाडे १०व्या शतकापासून १९व्या शतकापर्यंतचे आहेत आणि पाच गावांचे आहेत. ‘व्हॅरम पर्सीचे मध्ययुगीन शेतकरी’ असं सरसकट म्हणता येत नाही. रेडिओकार्बनने गट पाडावे लागतात. दुसरी अडचण जास्त सूक्ष्म आहे. दहाव्या वर्षी मेलेल्या मुलाचं हाड आपल्याला दहाव्या वर्षी मेलेल्या मुलाबद्दल सांगतं. जी मुलं जगली, त्यांची दहाव्या वर्षीची उंची दफनभूमीत नाही. आजारी मुलं जास्त मरत असतील तर आपला नमुना आधीच झुकलेला आहे. सर्वेक्षण करणाऱ्यांनो, हा प्रश्न तुमच्याही कामाचा आहे: तुमच्या नमुन्यात कोण मुळात येऊच शकत नाही?

प्रत्येक भिंत सारखी नसते

एक शेवटचं उदाहरण, कारण ते जाणकारांच्या मतभेदाचं आहे. वरच्या सपाटीवरच्या घरांच्या भिंती उत्खननात वारंवार बदललेल्या दिसल्या. त्यावरून हर्स्ट यांचं म्हणणं असं होतं की शेतकऱ्यांची घरं तकलादू होती, पिढीगणिक नवी बांधावी लागत. पुढे स्टुअर्ट रॅथमेल यांनी हाच पुरावा वेगळ्या नजरेने पाहिला. त्यांचं म्हणणं असं की छपराचा भार वाकड्या लाकडांच्या जोड्यांवर होता. ही लाकडं थेट जमिनीलगतच्या दगडांवर टेकत. भिंती फक्त आडोसा होत्या. त्या पडल्या तरी घर उभंच राही. म्हणजे भिंत नवी, घर जुनं. यातून ‘झोपडीत राहणारा दरिद्री शेतकरी’ हे चित्रच बदलतं, कारण असं लाकूडकाम करायला पैसा आणि कसबी सुतार लागतो.

चर्चमध्ये भिंत भार घेते, म्हणून भिंतीचा इतिहास हाच इमारतीचा इतिहास. घरात भार लाकूड घेतं, तिथे तसं म्हणता येत नाही. गुडघ्याएवढ्या अवशेषात दोन्ही भिंती सारख्याच दिसतात. एक बारकावा इथे लक्षात घ्या: नवा पुरावा न सापडता निष्कर्ष बदलला. बांधकाम कसं उभं राहतं हे समजल्याने बदलला. म्हणून इमारतीवर काम करायचं असेल तर एखाद्या अनुभवी गवंड्याशी आणि सुताराशी बोला. ते तुमचं ‘संदर्भसाहित्य’ आहे.

तुमच्या आराखड्यासाठी

‘प्रत्यक्ष भेट व छायाचित्रण’ ही ओळ खोडा आणि तिच्या जागी पाच गोष्टी लिहा.

१. इमारतीतल्या बदलांचा क्रम कसा लावणार? तारखांच्या आधी क्रम.

२. प्रत्येक भागाचा खर्च आणि दुरुस्ती कोणाकडे होती, हे कुठल्या कागदातून शोधणार?

३. इमारत वापरणारा समाज म्हणजे नेमकी कुठली हद्द?

४. तुमच्या स्पष्टीकरणाला टक्कर देणारं दुसरं स्पष्टीकरण कोणतं आणि किती अचूक तारीख मिळाली तर निवाडा होईल?

५. तुमचं लाँग मेलफर्ड कोणतं? म्हणजे तुमच्या नियमाला न जुमानणारी इमारत कुठली? ती तुम्ही स्वतः शोधा. नाही शोधली, तर परीक्षक शोधून आणतील.

या आठवड्यात एक छोटा सराव करा. गावातलं किंवा पेठेतलं एखादं जुनं देऊळ, मशीद, वाडा, जे जवळ असेल ते निवडा. त्यातली बुजवलेली एक खिडकी, कमान किंवा दार शोधा. ते का बुजवलं असेल याची तीन वेगवेगळी कारणं लिहा आणि प्रत्येक कारण खोटं ठरवायला कुठला पुरावा लागेल ते त्याच्यासमोर लिहा. तिसरं कारण सुचायला वेळ लागेल. बहुतेक वेळा तेच प्रकरण लिहिण्याजोगं निघतं.